महाराज गावात नसतील तेव्हा न्याय कोण देणार?

कोल्हापुरात वकिली करताना एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अॅट्रॉसिटीची फिर्याद असो, गायरानाचा वाद असो की महार वतनाच्या जमिनीचा दावा असो, खेड्यातून आलेला आपला माणूस कागदांची पिशवी उघडण्याआधी विचारतो, जज कोण आहेत आणि ते कोणत्या समाजाचे आहेत? कायदा काय म्हणतो, हे तो नंतर विचारतो.

या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. हजारो वर्षे या देशात गुन्हा कोणी केला आणि कोणाविरुद्ध केला, हे पाहून शिक्षा ठरत होती. मनुस्मृतीने तर जातीनुसार दंडाचे कोष्टकच घालून दिले होते. त्या व्यवस्थेखाली भरडलेल्या माणसाच्या रक्तात हा प्रश्न मुरला असेल, तर दोष त्याचा नाही. स्वतंत्र आणि निःपक्षपाती न्यायव्यवस्था हे शब्द परिसंवादात गुळगुळीत झाले आहेत. पण ज्याच्यापाशी सत्ता नाही, पैसा नाही आणि गावात संख्याही नाही, त्याच्यासाठी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आम्हा कोल्हापूरकरांना दूर जावे लागत नाही. ते राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्रात सापडते आणि त्या चरित्राच्या मर्यादेतही सापडते.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव जन्माला आले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी संस्थानाच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. उरलेल्या ११ जागांत बाकी सगळा समाज. महसूल, शिक्षण, न्याय यांपैकी कोणत्याही खात्याचा दरवाजा ठोठावला, तरी आत बसलेला माणूस बहुधा एकाच वर्गाचा होता. अशा कचेरीत बहुजन शेतकऱ्याने किंवा अस्पृश्य मजुराने निःपक्षपातीपणाची अपेक्षा कशाच्या आधारावर धरायची?

२६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. आपण हा हुकूम आरक्षणाचा आरंभ म्हणून दरवर्षी साजरा करतो आणि ते योग्यच आहे. पण एक वकील म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. निवाडा करणारे हात, नोंद लिहिणारे हात आणि शिक्कामोर्तब करणारे हात एकाच जातीचे असतील तर कायद्याची भाषा कितीही सभ्य असली तरी न्याय होत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. हा हुकूम म्हणजे नोकऱ्यांची वाटणी तर होतीच, पण राज्ययंत्रणेचा कल सरळ करण्याचाही तो प्रयत्न होता.

वेदोक्ताचे प्रकरण याच काळातले. छत्रपतींच्या घराण्याला क्षत्रिय न मानता राजोपाध्यांनी वेदोक्त विधी नाकारले. महाराजांनी १९०२ मध्ये त्यांचे इनाम जप्त केले. राजोपाध्ये पोलिटिकल एजंटाकडे, मुंबई सरकारकडे आणि थेट व्हाइसरॉयपर्यंत गेले, पण महाराजांचा निर्णय कायम राहिला. या लढ्यात न्याय महाराजांच्याच बाजूला होता, याबद्दल परिवर्तनवादी चळवळीला शंका नाही. तरीही कायद्याचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या वादात महाराज स्वतः पक्षकार होते आणि निवाडाही त्यांचाच होता. त्यावर दाद मागायची ती दुसऱ्या सत्ताधाऱ्याकडे. राजा आणि साहेब या दोघांपासून वेगळे असलेले न्यायालय या चित्रात कुठेच नव्हते. हा दोष महाराजांचा नव्हता, संस्थानी व्यवस्थेचा होता. संस्थानात शेवटची दाद हुजुरांकडेच लागत असे.

म्हणूनच महाराजांनी पुढे काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. वरवर पाहता हा महसुली बदल आहे. पण कोर्टात उभा राहणारा प्रत्येक वकील सांगेल की जमिनीच्या दाव्यात खरा साक्षीदार गावचे दप्तर असतो. ते दप्तर वंशपरंपरेने एकाच घराच्या हातात असेल तर न्यायाधीश कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या पुढे येते ते कुलकर्ण्याने लिहिलेले सत्य. न्याय कोर्टात बिघडण्याआधी गावच्या चावडीत बिघडलेला असतो. महाराजांनी घाव घातला तो या चावडीवर.

त्याच वर्षी त्यांनी महार वतनाचे जोखड काढून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या मालकीच्या करण्याचा हुकूम दिला. गावकामगारीच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या राबवून घेतलेला माणूस प्रथमच जमीनधारक म्हणून कायद्यासमोर उभा राहिला.

१९१८ सालचा आणखी एक निर्णय आजच्या वकिलांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. तो म्हणजे हजेरी बंद करण्याचा. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांना गावकामगारापुढे रोज हजेरी द्यावी लागे. त्यांनी गुन्हा केला होता म्हणून नव्हे, तर ते त्या जातीत जन्मले होते म्हणून. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा, हे तत्त्व आज प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. हजेरीची प्रथा याच्या नेमकी उलटी होती. तिथे जन्म हाच पुरावा आणि जात हेच आरोपपत्र. महाराजांनी ती प्रथा मोडली, तेव्हा कोणतीही राज्यघटना त्यांच्या पाठीशी नव्हती.

१९१९ साली त्यांनी सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या या ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. महसूल, न्याय आणि इतर खात्यांतील अधिकाऱ्यांनी अस्पृश्य नोकरांना समतेने आणि ममतेने वागवावे, ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा आणि त्यांना पेन्शन मिळणार नाही, असा त्यांचा हुकूम होता. यात न्याय खात्याचे नाव आहे, हे विसरून चालणार नाही. खुर्चीवर बसून विटाळ मानणारा माणूस न्याय देऊ शकत नाही, हे महाराजांनी कायद्याच्या भाषेत सांगितले.

याच अखेरच्या वर्षांत त्यांनी अस्पृश्य समाजातील काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून या सनदांवर टीकाही झाली. पण ज्या समाजाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याकडे पदवी मागायची, हा कुठला न्याय? आपली बाजू मांडणारा आपल्यातला एक माणूस कोर्टात उभा आहे, एवढ्यानेही पक्षकाराची मान वर होते. मी आज काळा कोट घालतो तो बाबासाहेबांच्या संविधानामुळे. पण या शहरातल्या कोर्टाचा दरवाजा आमच्यासाठी पहिल्यांदा किलकिला केला तो शाहू महाराजांनी, ही कृतज्ञता माझ्या मनात कायम आहे.

आता गंगाराम कांबळे यांची गोष्ट. ती कोल्हापुरात अजूनही सांगितली जाते. गंगाराम महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळी दिल्लीला गेले होते. ते परत आल्यावर गंगाराम त्यांच्या पायाशी गेले. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतः शासन केले आणि गंगारामना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर सत्यसुधारक नावाचे चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या लोकांनाही पाजू लागले.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकली. पण अनेक वर्षे कोर्टात घालवल्यावर या गोष्टीतला एक साधा तपशील मला अस्वस्थ करतो. महाराज दिल्लीला गेले होते. म्हणजे ते परत येईपर्यंत गंगारामना न्याय नव्हता. त्यांनी कोणत्या चौकीत जायचे, कोणत्या कोर्टात उभे राहायचे? आणि महाराज आल्यावर फिर्याद ऐकणारे तेच, तपास करणारे तेच, निवाडा देणारे तेच आणि शिक्षा देणारेही तेच. राजा शाहू होता म्हणून गंगारामना न्याय मिळाला. दुसरा कोणी असता तर? शेजारच्या संस्थानातल्या गंगारामचे काय झाले असेल? चांगल्या राजाच्या न्यायाची हीच मर्यादा आहे. तो राजाबरोबर प्रवासाला जातो आणि राजाबरोबरच मरतो.

महाराजांना ही मर्यादा कळत नव्हती असे मला वाटत नाही. दत्तोबा पोवार यांच्यामुळे त्यांचा तरुण भीमराव आंबेडकरांशी परिचय झाला. जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेल्या मूकनायकाला त्यांनी आर्थिक मदत केली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत येऊन, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, या आशयाचे जाहीर उद्गार त्यांनी काढले. अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी आंबेडकर लंडनला निघाले तेव्हाही महाराजांनी मदतीचा हात दिला. एका राजाने प्रजेला, आता तुमचा पुढारी मी नव्हे, तुमच्यातलाच हा माणूस आहे, असे सांगणे ही इतिहासातली दुर्मिळ घटना आहे. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बाबासाहेब बॅरिस्टर झाले. राजाचा न्याय संपला आणि कायद्याच्या न्यायासाठी लढणारा वकील उभा राहिला.

महाडचा इतिहास वाचकांना माहीत आहे. त्यातली कोर्टाची बाजू मात्र कमी सांगितली जाते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला जमली होती. तळे समोर होते. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. त्यांनी मनुस्मृतीचे दहन केले आणि तळ्याचा प्रश्न कोर्टात लढवला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात विजय मिळाला, १९३३ मध्ये ठाण्याच्या कोर्टात आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात. ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे.

तो विजय कशावर मिळाला, हेही लक्षात घ्या. माणसे समान आहेत म्हणून उच्च न्यायालयाने निकाल दिला नाही. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. त्यांनी ती सिद्ध केली असती तर? समतेचा कायदाच नव्हता, तर न्यायाधीश तो लावणार कुठून? निःपक्षपाती न्यायाधीशाच्या हातातही आधी न्याय्य कायदा असावा लागतो, हा धडा बाबासाहेब महाडहून घेऊन गेले. पुढे अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले करणारे कलम १५ संविधानात आले, त्यामागे चवदार तळ्याचे पाणी आहे.

न्याय्य कायद्याबरोबर त्यांनी स्वतंत्र न्यायाधीशाचीही तजवीज केली. इंग्रजी अमलात मामलेदार महसूल वसूल करायचा आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खटलेही चालवायचा. कार्यकारी सत्ता आणि न्यायसत्ता वेगळ्या कराव्यात, हे कलम ५० बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मांडून मंजूर करून घेतले. न्यायाधीशांचे पगार दरवर्षीच्या मतदानावर ठेवले नाहीत. त्यांना दूर करायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागेल, अशी तरतूद झाली. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार देणारे कलम ३२ हा त्यांनी संविधानाचा आत्मा मानला. आता गंगारामला महाराज परत येण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. निदान कागदावर तरी.

न्यायाधीशांच्या नेमणुकीवर मे १९४९ मध्ये चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी मधला मार्ग धरला. नेमणुकीचा सर्व अधिकार सरकारच्या हाती देणे त्यांना धोक्याचे वाटले. पण सरन्यायाधीशांना अंतिम नकाराधिकार द्यायलाही त्यांनी विरोध केला, कारण सरन्यायाधीशही अखेर माणूस आहेत आणि माणसाचे गुणदोष त्यांनाही आहेत. कोणत्याही एका माणसाच्या चांगुलपणावर न्याय टांगून ठेवायचा नाही, हे त्यांचे सूत्र होते.

पुढच्या इतिहासाने ही भीती खरी ठरवली. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने सरन्यायाधीश नेमले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अटकेतल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दिला. विरोधात एकटे उभे राहिलेले न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना सरन्यायाधीशपद गमवावे लागले. म्हणून न्यायव्यवस्था सरकारच्या मुठीत देण्याचा कोणताही प्रयत्न झाला, तर आंबेडकरी चळवळीने सर्वांत आधी विरोध केला पाहिजे. सरकार वाकवेल त्या न्यायालयात सर्वांत आधी मार खाणारा माणूस आपलाच असतो.

पण सरकारपासून स्वतंत्र असणे म्हणजे निःपक्षपाती असणे नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. १९९३ पासून वरिष्ठ न्यायमूर्तींचे कॉलेजियम नेमणुका ठरवते. २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे सुमारे २.८ टक्के आणि अनुसूचित जमातींचे १.३ टक्के होते, ही सरकारनेच संसदीय समितीला दिलेली माहिती आहे. १८९४ सालच्या कोल्हापूरच्या ७१ जागांची आठवण येते की नाही?

अनुसूचित जातीचा न्यायाधीश आपल्या बाजूने निकाल देईल म्हणून आपण प्रतिनिधित्व मागत नाही. तसा निकाल आपल्याला नकोच. वाड्या-वस्त्यांचे जीवन ज्यांनी पाहिले आहे असे लोक न्यायासनावर असतील, तर साक्षीदार का फिरतो, फिर्याद उशिरा का दाखल होते, हे न्यायालयाला कळेल, म्हणून मागतो. नगर जिल्ह्यातील खर्ड्याच्या दलित मुलाच्या खुनाच्या खटल्यात २०१७ मध्ये साक्षीदार फुटल्यामुळे आरोपी सुटले. अशी प्रकरणे न्यायाधीशाच्या टेबलावर येईपर्यंत अर्धी मेलेली असतात. चावडीतला अन्याय आजही संपलेला नाही.

स्वतंत्र न्यायालयही चुकते. आपल्या शेजारच्या कराडमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अॅट्रॉसिटी कायद्याला कात्री लावली. तारीख होती २० मार्च, महाडच्या सत्याग्रहाचा दिवस. २ एप्रिलला भारत बंद झाला, लोकांनी रस्त्यावर जीव गमावले. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले निर्देश स्वतःच मागे घेतले. निकालावर टीका करणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे. महाडला मनाई हुकूम पाळणारे बाबासाहेब आणि तोच दावा शेवटपर्यंत लढवणारे बाबासाहेब एकच होते. हुकूम पाळायचा, पण लढा सोडायचा नाही, ही त्यांची शिकवण आहे.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची पायपीट कमी झाली. अनेक दशकांच्या लढ्याला फळ आले. उद्घाटन केले ते तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. बाबासाहेबांबरोबर नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या दादासाहेब गवईंचे ते चिरंजीव आणि देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. आणि हे बेंच बसते ते भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. ज्या रस्त्यावर गंगारामांच्या हातचा चहा प्यायला छत्रपतींना गाडी थांबवावी लागली, त्याच रस्त्यावर आज उच्च न्यायालय भरते. त्या दिवशी आमच्यापैकी अनेकांचे डोळे भरून आले.

पण डोळे पुसून कामाला लागले पाहिजे. एक सरन्यायाधीश आपल्यातले झाले म्हणजे न्यायव्यवस्था आपली झाली, असे मानणे म्हणजे पुन्हा एका चांगल्या माणसावर विसंबणे आहे. आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. नेमणुका सरकारच्या मुठीत नकोत आणि बंद दाराआडही नकोत. निकष जाहीर असावेत आणि वरिष्ठ न्यायालयांत वंचित समाजांना प्रतिनिधित्व मिळावे. अॅट्रॉसिटीच्या खटल्यातील साक्षीदारांना कायद्यात लिहिलेले संरक्षण प्रत्यक्ष मिळावे. आणि आपल्या तरुणांनी कायद्याची पदवी घेऊन थांबू नये. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसावे, उच्च न्यायालयात उभे राहावे. पूर्वी त्यासाठी मुंबईला खोली घ्यावी लागायची. आता ते न्यायालय आपल्या दारात आहे.

शाहू महाराजांनी न्याय दिला आणि बाबासाहेबांनी न्यायाची व्यवस्था दिली. तिचे राखणदार आपण आहोत. जज कोणत्या समाजाचे, हा प्रश्न माझ्या पक्षकाराला ज्या दिवशी विचारावासाच वाटणार नाही, त्या दिवशी या दोघांचे काम पुरे होईल. तोपर्यंत त्याने तो विचारत राहावा आणि आपण वकिलांनी तो व्यवस्थेपर्यंत पोहोचवत राहावा.

जय भीम!